'इतिहासाचं तत्त्वज्ञान' चार पानांत बसवणाऱ्या अभ्यास मंडळाला खुलं पत्र

अभ्यास मंडळाचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांना,

सादर नमस्कार.

नव्या अभ्यासक्रमाचं परिपत्रक वाचलं आणि गप्प बसवेना म्हणून हे लिहितेय. तुम्हाला आधी साधं पत्र पाठवलं होतं, त्याची पोच आली, उत्तर नाही आलं. म्हणून आता सगळ्यांसमोर.

'इतिहासाचे तत्त्वज्ञान' हा शेवटच्या वर्षाचा अख्खा पेपर तुम्ही बंद केलात आणि त्याऐवजी दुसऱ्याच एका पेपरात 'सामाजिक परिवर्तनाचे सिद्धांत' नावाचा एक घटक घुसवलात. त्या घटकाचं अधिकृत वाचनसाहित्य चार पानांचं आहे, त्यातली दोन पानं म्हणजे एक तक्ता. डाव्या रकान्यात विचारवंत, मधल्यात सिद्धांत, उजव्यात टप्पे. एकूण अकरा नावं, त्यातली काही अशी. कॉम्त, तीन टप्पे. मार्क्स, पाच टप्पे. हेगेल, वाद-प्रतिवाद-संवाद. स्पेंग्लर, चक्र. टॉयन्बी, आव्हान आणि प्रतिसाद. फुकुयामा, इतिहासाचा अंत. उरलेल्या दोन पानांवर प्रश्नपेढी, सगळे प्रश्न पर्यायी. संपला विषय.

मी विद्यापीठात नोकरीला नाही, कुठल्या संघटनेतही नाही. हाच पेपर घेऊन मी बाहेरून पदवी केली आणि आता पदवीच्या मुलामुलींच्या शिकवण्या घेते, त्यात हा विषय मी हट्टाने घेते कारण माझ्या मते सगळ्या पदवीत खरा विचार करायला लावणारा हा एकच पेपर होता. त्यामुळे तुमच्या तक्त्याचं काय होतं ते मला रोज समोर बसलेलं दिसतं. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, जे समाज चौथ्या टप्प्यावर आलेच नाहीत ते मागासच ना मग?" तिचा काही दोष नाही, तक्ता वाचून कोणीही हेच विचारेल. पण माणसांचे समाज का बदलतात, कसे बदलतात, बदल कोण घडवतं, ह्या प्रश्नावर काही शतकं चाललेल्या भांडणातून तिच्या हाती जर फक्त 'कोण कितव्या पायरीवर' एवढंच आलं असेल तर आपलं काहीतरी फार चुकतंय.

आता एकेक तक्रार सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी, मार्क्सची. तुमच्या तक्त्यात मार्क्सच्या नावापुढे आदिम साम्यवाद, गुलामगिरी, सरंजामशाही, भांडवलशाही, समाजवाद अशी पाच पायऱ्यांची शिडी आहे. ही शिडी ह्याच क्रमाने, जणू प्रत्येक समाजाला लागू अशी, पक्की झाली ती स्टालिनच्या १९३८ च्या पुस्तिकेत. मार्क्सने १८५९ च्या प्रस्तावनेत उत्पादनपद्धतींची जी यादी दिली होती तिच्यात आशियाई पद्धतसुद्धा होती, ती मधल्या काळात गळाली, कारण ती शिडीत बसत नव्हती आणि सोव्हिएत राजकारणाला अडचणीची होती. बरं, मार्क्सला स्वतःला ही शिडी मान्य होती का? १८७७ साली एका रशियन मासिकाला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो की पश्चिम युरोपात भांडवलशाही कशी जन्मली ह्याचं मी केलेलं वर्णन उचलून लोक त्याचा प्रत्येक समाजावर दैवाने लादलेला मार्ग बनवतायत. मग १८८१ मध्ये व्हेरा झासुलिच नावाच्या रशियन क्रांतिकारक बाईने त्याला सरळ विचारलं की आमच्याकडे गावची जमीन सामायिक असण्याची पद्धत आहे, ती मोडून भांडवलशाहीतून गेल्याशिवाय आम्हाला गत्यंतर नाही का? ह्या एका प्रश्नाला उत्तर देताना मार्क्सने लांबलचक मसुदे केले, खोडले, परत केले, आणि शेवटी छोटंसं उत्तर पाठवलं की माझं विवेचन पश्चिम युरोपापुरतं आहे आणि तुमची ग्रामव्यवस्था रशियाच्या सामाजिक नवनिर्मितीचा आधार ठरू शकते, फक्त तिच्यावर चहूबाजूंनी होणारे घाव थांबले पाहिजेत. म्हणजे ज्या माणसाच्या नावावर तुम्ही शिडी लावलीत तो म्हातारपणी त्याच शिडीशी झगडत होता. मार्क्स पटो न पटो, तो वेगळा विषय, पण त्याच्या नावावर दुसऱ्याचा माल खपवू नका. मार्क्सचा सहकारी एंगल्सनेही १८९० च्या एका पत्रात बजावलंय की आर्थिक घटक हा एकमेव ठरवणारा घटक आहे असं आमच्या तोंडी घातलंत तर त्या विधानाला काही अर्थच उरत नाही. हेही तक्त्यात नाही, आणि गंमत म्हणजे प्रश्नपेढीत 'मार्क्सच्या मते परिवर्तनाचा एकमेव घटक कोणता' असा प्रश्न आहे!

दुसरी तक्रार जर्मन तत्त्वज्ञ हेगेलची, थोडक्यात सांगते. वाद-प्रतिवाद-संवाद (एक मत, त्याच्या विरोधी मत, मग दोन्हींचा मेळ) हे त्रिकूट हेगेलने स्वतःच्या पद्धतीचं सूत्र म्हणून कुठे मांडलेलं नाही. तसा साचा त्याच्या आधीच्या फिश्टे ह्या जर्मन तत्त्वज्ञाकडे सापडतो, आणि हेगेलच्या गळ्यात तो अडकवण्यात १८३७ मध्ये खालिबॉयस ह्या प्राध्यापकाच्या लोकांना सोपं करून सांगणाऱ्या व्याख्यानांचा मोठा हात होता. उलट हेगेलने १८०७ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत असल्या निर्जीव तिहेरी साच्यांची टर उडवलीय. हेगेलबद्दल खरं सांगण्यासारखं कितीतरी आहे. माणसं आपापल्या स्वार्थासाठी, आपापल्या वेडापायी धडपडतात आणि त्यांच्या नकळत त्यातून स्वातंत्र्याची जाणीव पुढे सरकते हा त्याचा दावा घ्या, मुलं त्यावर तासभर भांडतात. आणि त्याच हेगेलने सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेला इतिहासाबाहेर ठेवलं होतं, तेही सांगा, म्हणजे प्रगतीच्या गोष्टीत कोणाला आत घ्यायचं हे कोण ठरवतं हा प्रश्न आपोआप वर्गात येतो. मी शिकवते तेव्हा येतो. तक्ता शिकवला की येत नाही.

तिसरी तक्रार ह्या 'टप्पे' रकान्याचीच. सगळ्या सिद्धांतांना एकच रकाना दिला की सगळे सिद्धांत शिडीच वाटायला लागतात, आणि ही निष्पाप गोष्ट नाहीये. शिड्यांचाही स्वतःचा एक इतिहास आहे. १८७७ मध्ये मॉर्गन ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मानवजातीला रानटी, अर्धरानटी आणि सुसंस्कृत अशा अवस्थांत मांडलं. त्यावर १८९६ मध्ये फ्रान्झ बोआस ह्या मानववंशशास्त्रज्ञाने जोरदार आक्षेप घेतला की दोन समाजांत सारखी दिसणारी चाल अगदी वेगवेगळ्या वाटांनी आलेली असू शकते, तेव्हा नुसत्या सारखेपणावरून सगळ्यांचा एकच रस्ता होता असं म्हणता येत नाही. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी हेर्डर हा जर्मन विचारवंत म्हणून गेला होता की प्रत्येक लोकसमूहाच्या सुखाचा मध्यबिंदू त्याच्या स्वतःच्या आत असतो, दुसऱ्याच्या मापाने तो मोजू नका. आता सगळ्यात मजेशीर गोष्ट. १९३८ मध्ये स्टालिनची पाच पायऱ्यांची शिडी आली आणि १९६० मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ रोस्टोने कम्युनिस्टांना उत्तर म्हणून आर्थिक वाढीचे टप्पे मांडले, तेही नेमके पाच! पारंपरिक समाजापासून सुरुवात आणि शेवटी भरपूर उपभोगाचा समाज. एकमेकांचे कट्टर शत्रू, शिखरावर बसवलेला देव वेगळा, पण शिडी तीच. आणि हे कागदावर राहिलं नाही. रोस्टो पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाला आणि व्हिएतनाम युद्धाचा खंदा समर्थक होता. इतिहास कुठे जाणार हे आपल्याला माहीतच आहे असं एकदा मानलं की आज मरणारी माणसं वाटेतला खर्च वाटायला लागतात, दोन्ही बाजूंनी ते झालं. माझ्या मते हा विषय पदवीला शिकवायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे आणि तुमच्या चार पानांत ते औषधालाही नाही.

चौथी तक्रार, कोण गायब आहे. इब्न खल्दून नाही! १३७७ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ह्या इतिहासकाराने आपल्या जागतिक इतिहासाची प्रस्तावना लिहिली आणि तीत राजवटी का उभ्या राहतात आणि का कोसळतात ह्याचं कारण दैवात किंवा राजाच्या चांगलेवाईटपणात न शोधता समाजाच्या रचनेत शोधलं. खडतर आयुष्य जगणाऱ्या टोळ्यांत असबिया असते, म्हणजे एकमेकांसाठी जीव टाकणारी गटाची एकी, तिच्या जोरावर ते सत्ता घेतात, मग शहरात स्थिरावतात, ऐष येते, एकी सैल होते, साधारण तीन पिढ्यांत, म्हणजे त्याच्या हिशोबाने १२० वर्षांत, राजवट खचते आणि नवी टोळी दारात उभी असते. करांबद्दलही त्याचं निरीक्षण आहे, राजवटीच्या सुरुवातीला कर कमी पण वसुली भरपूर, शेवटी कर जबर आणि वसुली तुटपुंजी. हे सगळं चौदाव्या शतकात! आणि तुमच्या तक्त्यात चक्राचा सिद्धांत म्हटलं की थेट १९१८ चा स्पेंग्लर. मधला इटालियन विचारवंत व्हीकोही नाही, ज्याने १७२५ मध्ये म्हटलं की समाज माणसांनी घडवलाय म्हणूनच तो माणसांना कळू शकतो.

आणि आपले? तक्त्यात एकही नाही. मी अभिमानाच्या गोष्टी करत नाहीये, 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' हा प्रकार मला अजिबात सहन होत नाही. वादात त्यांनी काय भर घातली तेवढंच बघा. आंबेडकरांनी १९३६ च्या न झालेल्या भाषणात ('अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट') समाजवाद्यांना सरळ आव्हान दिलंय, की मालमत्ता हा सत्तेचा एकच उगम नाही, धर्म आणि सामाजिक दर्जा हेही उगम आहेत, आणि राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती होते असं इतिहास दाखवतो. त्यासाठी ते ल्यूथरपासून चंद्रगुप्ताच्या आधीच्या बुद्धापर्यंत आणि शिवाजी महाराजांच्या आधीच्या संतांपर्यंत दाखले देतात. हा परिवर्तनाचा सिद्धांतच आहे ना? मग तो फक्त 'समाजसुधारक' ह्या कप्प्यात का? फुल्यांच्या १८८३ च्या त्या प्रसिद्ध ओळी आपल्याला तोंडपाठ आहेत पण त्यातला क्रम कोणी बघतच नाही. सुरुवात विद्येपासून, मग मती, नीती, गती, आणि वित्त शेवटी. मार्क्सवाद्यांच्या नेहमीच्या मांडणीच्या, जिच्यात आर्थिक बाजू आधी येते, बरोब्बर उलटी साखळी! हे दोन शेजारी ठेवून वर्गात विचारा की कोणाचं बरोबर, आणि बघा काय होतं ते. इतिहासकार दामोदर कोसंबींनी १९५६ मध्ये मार्क्सची पद्धत घेतली पण युरोपातली गुलामगिरीची पायरी इथे जशीच्या तशी बसवायला नकार दिला. पहिल्या तक्रारीत मी जे म्हणाले ते आपल्याच भाषेच्या मुलखात राहून काम करणाऱ्या माणसाने करून दाखवलं होतं आणि तुम्ही त्याला वगळून परत शिडी लावलीत.

पाचवी तक्रार सांगितली की मागण्यांकडे येते. तुमच्या तक्त्यात प्रत्येक विचारवंत आपापल्या चौकटीत एकटा बसलाय, कोणी कोणाशी बोलतच नाही. प्रत्यक्षात हे सगळे एकमेकांशी भांडतायत. आगगाडीचंच घ्या. १८५० मध्ये मार्क्स म्हणाला, क्रांत्या ही इतिहासाची इंजिनं आहेत. पुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर म्हणाला की माणसांना ढकलतात ते हितसंबंधच, पण गाडी कुठल्या रुळावरून जाणार हे अनेकदा कल्पना ठरवतात, सांधेवाल्यासारख्या. आणि १९४० च्या सुमारास, नाझींपासून पळत असलेल्या वॉल्टर बेंजामिन ह्या जर्मन विचारवंताने टिपणात लिहून ठेवलं की मार्क्स म्हणतो क्रांत्या इंजिनं आहेत, पण कदाचित उलटंच असेल, क्रांती म्हणजे गाडीतल्या माणसांनी धोका ओळखून ओढलेला ब्रेक. एकच गाडी, एक जण इंजिन बघतोय, एक सांधा बघतोय, एक ब्रेक शोधतोय! ह्या तिघांवर मी एक आख्खा तास घेते आणि तो तास कधी कमीच पडतो. आणि वेबरने 'मार्क्सला उलटं केलं' असं जे तुमच्या तक्त्यात लिहिलंय तेही धड नाही, तो स्वतः प्रोटेस्टंट धर्मनीती आणि भांडवलशाही ह्यांवरच्या १९०४-०५ च्या लेखांच्या शेवटी सांगतो की एकांगी भौतिकवादी स्पष्टीकरणाच्या जागी तितकंच एकांगी आध्यात्मिक स्पष्टीकरण बसवायचा माझा इरादा नाही.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर तर तुम्ही पूर्णच उडवलाय. त्याचा मुद्दा दोन वाक्यांत सांगता येतो. इतिहासाच्या वाटचालीवर ज्ञानाच्या वाढीचा मोठा परिणाम होतो, आणि उद्या आपल्याला काय कळणार आहे हे आजच कळणं शक्य नाही, म्हणून इतिहासाचं भाकीत करणारं शास्त्र शक्य नाही. पटो न पटो, तुमच्या तक्त्यातल्या निम्म्या नावांवरचा हा थेट हल्ला आहे, तो वगळून उरतं ते नुसतं भविष्य सांगणं. अमेरिकन विचारवंत फुकुयामाचंही तेच. १९८९ च्या त्याच्या मूळ लेखाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह होतं, तुमच्या तक्त्यात ते नाही. शिवाय घटना घडायच्या थांबतील असं तो म्हणतच नव्हता, उदारमतवादी लोकशाहीला टक्कर देणारी दुसरी विचारव्यवस्था उरली नाही असा त्याचा दावा होता. त्या दाव्याची चिरफाड जरूर करा, पण आधी दावा नीट सांगा तरी.

तुमची बाजू मला माहीत आहे. क्रेडिट कमी, तासिका कमी, शिकवायला माणसं नाहीत, पेपर निवडणारी मुलं थोडी, पर्यायी प्रश्न तपासायला सोपे. हे सगळं खरं आहे आणि मी त्याची टिंगल करणार नाही. पण तासिका कमी असतील तर तीन विचारवंत नीट शिकवा, अकरा नावांची यादी कशाला? 'मुलांना हे अवघड जातं' हे मात्र मी ऐकून घेणार नाही. मुलांना अवघड काय जातं माहितीय? ज्या टप्प्यांना काहीच कारण दिलेलं नाही असे टप्पे पाठ करणं. गाव शहर कसं होतं, एखादी प्रथा शंभर वर्षं टिकते आणि मग एका पिढीत कशी नाहीशी होते, यंत्र आधी बदलतं की डोकं आधी बदलतं, ह्यावर त्यांची स्वतःची मतं असतात आणि ती जोरात असतात.

तर माझ्या मागण्या अशा.

'इतिहासाचे तत्त्वज्ञान' हा पेपर ऐच्छिक म्हणून तरी परत आणा. ज्या कॉलेजला शिकवायला माणूस आहे ते घेतील, नसेल ते नाही घेणार, पण दार बंद करू नका.

ते होईपर्यंत हा तक्ता मागे घ्या. त्याऐवजी प्रत्येक विचारवंताच्या मूळ लेखनातला दोन-तीन पानांचा उतारा मराठीत द्या आणि त्याला जोडून त्याच्यावरचा एक ठोस आक्षेप द्या. झासुलिचला गेलेलं मार्क्सचं उत्तर तर एवढंसंच आहे, ते पूर्ण देता येईल. भाषांतराला माणसं कमी पडत असतील तर मी विनामोबदला करायला तयार आहे आणि माझ्यासारखे आणखी निघतील.

मार्क्सच्या नावापुढची पाच पायऱ्यांची शिडी आणि हेगेलच्या नावापुढचं त्रिकूट ह्यांचं शुद्धिपत्रक लगेच काढा, ह्याला पुढच्या वर्षाची वाट बघायची गरज नाही. 'एकमेव घटक' वाला प्रश्न पेढीतून काढा, तो ह्या सत्रात कोणाला आला तर त्याचे गुण सगळ्यांना द्या.

इब्न खल्दून आणि आंबेडकर ह्यांना परिवर्तनाचे सिद्धांतकार म्हणून घटकात घ्या.

परीक्षेत निदान एक प्रश्न असा ठेवा ज्यात दोन सिद्धांत समोरासमोर ठेवून कोणता जास्त पटतो आणि का हे लिहायचं असेल. उत्तर कुठल्याही बाजूचं असो, गुण कारणांना.

आणि हा पेपर बंद करण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला तिचं इतिवृत्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाका. कोणी काय कारण दिलं, कोणी विरोध केला का, हे शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना कळू द्या. पुढचं सत्र सुरू व्हायच्या आधी लेखी उत्तर मिळावं. ते आलं की जसंच्या तसं इथेच सगळ्यांना वाचायला ठेवीन.

आपली,
ह्याच पेपराची एक जुनी विद्यार्थिनी आणि आता शिकवणारी